चोवीस दिवसांचा मोजा

चोवीस

दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत तो साधा मृत्यू होता.

सकाळी आठ वाजता चष्मेवाले खिडकीपाशी खुर्चीत बसलेले सापडले. अंगावर शाल, पाय स्टुलावर, हात गार. डॉक्टर आला, "हृदय," म्हणाला, "आणि वय," म्हणाला आणि सही करून गेला. त्याला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. चष्मेवाल्यांना खालच्या खोलीत नेलं. वहिनी पलंगावर बसून राहिल्या. त्यांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं आणि तिन्ही वेळा त्या पहिल्यांदाच रडल्या. चौथ्यांदा सांगायची कुणाची छाती झाली नाही.

मी या वृद्धनिवासात आठवड्यातून तीन दिवस येतो. चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली. आता इथल्या एकतीस जणांच्या गोळ्या सात-सात खणांच्या डब्यांत भरून देतो. सगळे मला कंपाउंडर म्हणतात. चष्मेवाल्यांचं दुकान माझ्या दुकानाला लागून होतं. मी त्यांच्याकडे चष्मा करायचो, ते माझ्याकडून खोकल्याचं औषध न्यायचे, आणि दोघंही एकमेकांच्या मालाला नावं ठेवायचो. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. त्या मला भावजी म्हणतात. बाकी सगळं गेलं, पण हे त्या अजून विसरलेल्या नाहीत.

दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांच्या मुलीने खिडकीजवळच्या खिळ्यावरून मोजा काढला.

या मोज्याबद्दल आधी सांगायला हवं. नाताळचा मोजा बाकीचे लोक एका रात्रीत भरतात. यांच्या घरची रीत वेगळी होती. एक तारखेला मोजा टांगायचा, रोज त्यात एकच वस्तू टाकायची, आणि पंचविसाच्या सकाळपर्यंत आत बघायचं नाही. बाहेरून चाचपायचंही नाही. मुलं लहान होती तेव्हा भिंतीवर चार मोजे असत. आता एकच उरला होता. राखाडी, गुडघ्यापर्यंत लांब, टाचेला तपकिरी लोकरीने रफू केलेला. भरायच्या वहिनी, मिळायचं चष्मेवाल्यांना. गेली दोन वर्षं खिळा मोकळा होता, कारण वहिनींना डिसेंबर आला हेच कळत नव्हतं. या वर्षी मोजा पुन्हा दिसला तेव्हा सगळ्या मजल्याला बरं वाटलं होतं.

म्हणजे मोज्यात सगळ्यात वर असतं ते कालचं, आणि पार तळाशी, अंगठ्यात, एक तारखेचं.

मुलीने हात घालून वरची वस्तू काढली. पेपरमिंट. पारदर्शक कागद, हिरवी रेघ, दोन्ही टोकांना पीळ, आणि एका टोकाला लाल दोऱ्याची गाठ.

"बघ आई, तुझं आवडतं," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. काहीतरी करायला मिळाल्यासारखा तिने कागद सोडला. "उघड तोंड."

वहिनींनी तोंड उघडलं.

मी मुलीचं मनगट धरलं.

"काय काका? एक पेपरमिंट..."

"याला मधोमध खाच आहे," मी म्हणालो. "पेपरमिंटला खाच नसते. अर्धी करून द्यायची वेळ आली तर असावी म्हणून खाच ठेवतात. ही तुझ्या वडिलांची गोळी आहे. हृदयाची."

तेवीस

तीच.

बावीस

तीच. कागद, पीळ, लाल दोरा, आत गोळी.

एकवीस, वीस, एकोणीस, अठरा

मुलगी आता मोजत नव्हती, नुसती काढत होती आणि पलंगावर मांडत होती. वहिनी कौतुकाने बघत होत्या.

"आज पंचवीस का गं?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

"मग त्यांना बोलव की. त्यांचं तू कशाला काढतेस?"

सतरा ते दहा

पंधरा झाल्या.

पंधराही कोरड्या आणि गुळगुळीत. या गोळीवर पातळ लेप असतो. जिभेला लागली की पहिल्यांदा तो जातो. लेप शाबूत होता. म्हणजे कुणी तोंडात घेऊन थुंकलेल्या नव्हत्या. त्या तोंडापर्यंत पोचल्याच नव्हत्या.

मुलीने सोळाव्यांदा हात घातला. आत काहीतरी टणक होतं, पण ते काढण्याआधीच तिने मोजा खाली ठेवला आणि दार उघडून बाहेर ओरडली, "सिस्टरला बोलवा. त्या मॅडमना बोलवा. माझ्या बाबांना पंधरा दिवस औषधच दिलेलं नाही."

रजिस्टर

ता. १०. दिली. घेतली. सही.

ता. ११. दिली. घेतली. सही.

ता. १२. दिली. घेतली. सही.

चोवीसपर्यंत असंच. अक्षर नीट, सही एकसारखी. मॅडमनी, म्हणजे निवासाच्या व्यवस्थापक बाईंनी, रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. मोजा त्यांनी कपाटात कुलूपबंद केला होता. सिस्टरला एप्रन काढून बाहेरच्या बाकावर बसवलं होतं.

"मुलगी म्हणते, संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा नसेल तर ती तक्रार करणार. सिस्टरवर. मग पोलीस, मग तिची नर्सची नोंदणी रद्द," मॅडम म्हणाल्या. "डबे तुम्ही भरता. तुम्हाला यातलं कळतं. विचारपूस करा आणि मला कागद द्या."

"डबे मी भरतो म्हणजे संशय माझ्यावरही आहे."

"म्हणूनच लवकर करा."

मी चष्मेवाल्यांचा डबा तपासला. या आठवड्याचे आजपर्यंतचे सगळे खण रिकामे. आजचासुद्धा. गोळी आठची, आणि आठ वाजता चष्मेवाले गार होते. मग आजची गोळी कुणी घेतली? ती मोज्यातही नव्हती. खोलीत जाऊन मी पलंगाखाली, खुर्चीखाली, अगदी वहिनींच्या चपलांत बघितलं. कोपऱ्यात कागदी कप पडलेला मिळाला. गोळी नाही.

सिस्टर

माझे प्रश्न इथे देत नाही. तिच्या उत्तरांवरून ते कळतील, आणि त्यातले काही विचारल्याची मला आता लाज वाटते.

"हो, रोज मीच देते. दुसरी सिस्टर सोडून गेली त्याला तीन महिने झाले."

"नाही, तोंड उघडायला लावून नाही बघत. एकतीस तोंडं आहेत, कंपाउंडरकाका."

"पण डोळ्यांनी बघितलं ना. तोंडात गेली, वरून पाणी गेलं, गळ्याची गाठ वर-खाली झाली. मगच लिहिलं."

"त्यांचा हात कापायचा. कपातून गोळी उडून जायची. म्हणून कप आजींच्या हातात द्यायचे. मी ग्लास भरेपर्यंत आजी गोळी भरवत असायच्या. ते त्यांच्या हातून लगेच घ्यायचे. माझ्याकडून नखरे."

"नियम माहीत आहे. गोळी सिस्टरने स्वतः तोंडात घालायची. पण आजींना तेवढंच एक काम उरलं होतं हो. मी रोज सांगायचे, आजी, ही म्हणजे आजोबांचा जीव आहे, सांभाळा बरं. मग मुठीत अशी धरायच्या, जसं काही पाखरू धरलंय."

"तोंड वाकडं करायचे, हो. आधी नाही, हल्लीच. मी म्हटलं, आजोबा, ही गोळी तर बेचव आहे. तर म्हणाले, तू खाऊन बघितलीस का?"

"आज? आज पण कप आजींना दिला. आजोबा झोपलेत असं वाटलं. हाक मारली, खांद्याला हात लावला. पुढचं मला नीट आठवत नाही. कप पडला असेल."

"घरी दोन मुली, आणि वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या गोळ्या मीच देते. काल धाकटी म्हणाली, तू तिकडच्या आजोबांना वेळेवर गोळ्या देतेस, मग आपल्या आजोबांना उशीर का होतो."

शेवटी तिने मला एक प्रश्न विचारला.

"नोंदणी गेली तर परत मिळते का?"

मी म्हणालो, बघू. त्याहून खोटा शब्द मला त्या घडीला सुचला नाही.

रेडिओ

शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांना सगळे रेडिओ म्हणतात. एकदा सुरू झाले की बटण सापडत नाही. चष्मेवाल्यांशी रोज पत्ते खेळायचे, रोज भांडायचे.

"या कंपाउंडर, बसा. तुम्ही चौकशी करताय म्हणे. मला आधी विचारायला हवं होतं. या मजल्यावर कुणाला उचकी लागली तरी मला कळते. भिंत कसली, कागद आहे कागद."

"मग काय काय कळलं?"

"चष्म्या रोज पावणेआठला बायकोला विचारायचा, 'आज मोज्यात काय टाकणार?' रोज. एक तारखेपासून. मी म्हटलं, अरे, ते गुपित असतं, तूच काय विचारतोस? तर म्हणाला, मी नाही विचारलं तर तिला मोजा आहे हेच आठवणार नाही."

"कालसुद्धा विचारलं?"

"काल पण. आज नाही विचारलं." ते थांबले. रेडिओ थांबलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मग म्हणाले, "मी वाट बघत होतो. म्हटलं, आज झोप लागली वाटतं लेकाला."

जरा वेळाने त्यांचं पुन्हा सुरू झालं. "आणि एक विचित्र सांगतो. सतरा तारखेला माझ्याकडे पेपरमिंटचा डबा मागायला आला. चष्म्या! ज्याला पेपरमिंट तोंडात धरलं की ठसका लागतो. मी म्हटलं, तुला काय करायचंय? म्हणाला, हिचा संपलाय, मुलगी रविवारी येईल तेव्हा नवा आणेल, तोवर हिचं अडायला नको. मी म्हटलं, चार दिवस पेपरमिंट नाही खाल्लं तर काय जीव जाणार आहे?"

ते माझ्याकडे बघत राहिले.

"मी असं म्हटलं, कंपाउंडर. आणि तो हसला."

पांढरी आणि पिवळी

मॅडमच्या ऑफिसात मुलगी उभ्यानेच बोलत होती.

"बसा तरी," मॅडम म्हणाल्या.

"बसून काय करू? माझ्या बाबांच्या गोळ्या कागदात गुंडाळून खेळ केलाय कुणीतरी."

"त्या कागदांचं म्हणाल तर पेपरमिंट दर रविवारी तुम्हीच आणून देता."

"म्हणजे मी केलं?"

"मी म्हणत नाही. पण तक्रार झाली तर तिथे हेही विचारतील."

"आणि गोळी बदलली कुणी?" मुलगी माझ्याकडे वळली. "बाबांची गोळी पिवळी होती. लांबट. या पांढऱ्या गोल कुठून आल्या?"

बरोबर होतं. जुनी गोळी बाजारात मिळेनाशी झाली. दहा तारखेपासून मी दुसऱ्या कंपनीची सुरू केली. औषध तेच, रंगरूप निराळं. पहिला डबा भरताना वहिनींच्या समोरच मी चष्मेवाल्यांना म्हणालो होतो, "बघा, अगदी पेपरमिंटसारखी. चुकून पाहुण्यांना देऊ नका." चष्मेवाले हसले होते. वहिनीही हसल्या होत्या.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. पंधरा गोळ्या, पंधराही पांढऱ्या. पिवळी एकही नाही. नऊ तारखेपर्यंत सगळं सुरळीत, दहापासून गडबड.

"मॅडम," मी म्हणालो, "सिस्टरने हे केलेलं नाही."

"कशावरून?"

"सिस्टरला गोळी द्यायची नसती, तर तिने ती डब्यातून काढून फेकली असती आणि रजिस्टरमध्ये 'घेतली' लिहिलं असतं. पिवळी असो, पांढरी असो. पण इथे कुणीतरी गोळी पेपरमिंटसारखी दिसायला लागेपर्यंत थांबलंय. गोळीच्या जागी पेपरमिंट तोंडात गेलं, आणि त्याच पेपरमिंटच्या कागदात गोळी गुंडाळली गेली. असं दिसण्यावर अवलंबून राहायची गरज कधी पडते? समोर बघणारं कुणी असतं तेव्हा. आणि बघत होती फक्त सिस्टर. फसवायचं तिलाच होतं."

मुलगी बसली.

"म्हणजे खोलीतलंच कुणी," मॅडम म्हणाल्या. आम्ही तिघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. खोलीत माणसं दोनच होती.

"आई नाही," मुलगी म्हणाली. "सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी सांगता येत नाही. पंधरा दिवस, रोज ठरल्या वेळी, न चुकता एकच गोष्ट? तिला जमणारच नाही, काका. तुम्हालाही माहीत आहे."

मला माहीत होतं. एकटीला जमणार नव्हतं.

"मोजा काढा," मी मॅडमना म्हणालो. "अजून नऊ दिवस बाकी आहेत."

नऊ

चष्म्याचे स्क्रू पिळायचा इवलासा पेचकस.

आठ, सात, सहा

भिंगं पुसायचं मऊ कातडं. नाकावरच्या गाद्यांची जोडी. चष्म्याची एक दांडी, बिजागरीसकट.

"हे सगळं बाबांच्या खणातलं," मुलगी म्हणाली. "दुकान बंद केलं तेव्हा एवढंच बरोबर आणलं होतं. त्या खणाला आईला हात लावू देत नसत. स्क्रू सांडतात म्हणून."

"मग आईने ते घेतलं कुठून?"

"त्यांनीच दिलं असेल," मॅडम म्हणाल्या.

पाच, चार, तीन, दोन

एक भिंग. दुसरं भिंग. रिकामं चष्म्याचं घर. अक्षरं मोठी-लहान होत जाणारा, दुकानात टांगायचा तक्ता, घडी घालून घालून पेपरमिंटएवढा केलेला.

एक

अंगठ्यात कागदाचा चिठोरा होता. जाड शाईने, हात कापत असताना काढलेली मोठी अक्षरं. चष्मेवाल्यांचं अक्षर मी पन्नास वर्षं बघत आलोय.

*आज एक तारीख. मोज्यात काहीतरी टाक.*

वहिनींच्या हातात दुसरं काही नव्हतं. त्यांनी चिठ्ठीच टाकली.

चष्मेवाले

मुलीने चिठ्ठी उलटून बघितली. मागे काही नव्हतं.

मी सांगायला सुरुवात केली. मॅडमनी लिहून घ्यायला वही ओढली, पण लिहिलं काही नाही.

मोजा वहिनींना आठवलेला नव्हता. चष्मेवाल्यांनी त्याची आठवण करून दिली. रोज पावणेआठला ते विचारायचे, आज काय टाकणार, आणि रोज वहिनी कावऱ्याबावऱ्या व्हायच्या, माझ्याकडे तर काहीच नाही. मग ते आपल्या खणातलं काहीतरी त्यांच्या हातात द्यायचे. त्या ते टाकायच्या. नऊ दिवस चष्मेवाले आपल्याच वस्तू बायकोच्या हातून स्वतःला भेट देत होते. एवढ्यावरही ते खूश असणार. मी ओळखतो त्यांना.

दहा तारखेला नवी गोळी आली. दिसायला पेपरमिंटसारखी. आणि सिस्टर रोज सांगत होती की ही म्हणजे आजोबांचा जीव. मोज्यात काय टाकायचं? घरात असेल त्यातलं सगळ्यात चांगलं. मुलं लहान असतानाही वहिनी हेच करायच्या, स्वतःच्या ताटातलं काढून मोज्यात टाकायच्या. त्या सकाळी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पेपरमिंट सोललं, नवऱ्याच्या तोंडात दिलं. आणि त्याचा जीव कागदात गुंडाळून, लाल दोरा बांधून, पंचवीस तारखेला त्यालाच द्यायला जपून ठेवला.

"बाबांना कळलं नसेल," मुलगी म्हणाली.

"तोंडात पेपरमिंट आल्यावर कळत नाही?"

तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली. मी पुढे सांगू लागलो.

"त्यांना ठसका लागायचा. सिस्टरने त्यांचं वाकडं तोंड बघितलंय. वहिनींचा डबा संपल्यावर त्यांनी रेडिओकडून दुसरा मागून आणला. दहानंतरही ते रोज पावणेआठला विचारत राहिले, आज मोज्यात काय टाकणार. वहिनींना रोज जमलं, कारण आठवण ते करून देत होते."

"का?" हे मॅडमनी विचारलं.

मी टेबलावर मांडलेल्या वस्तूंकडे बोट दाखवलं. नऊ इकडे, पंधरा तिकडे.

"या नऊ त्यांनी दिलेल्या. दहावी वहिनींची. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या मनाने काहीतरी केलं होतं. लबाडी केली, गुपित ठेवलं, दोऱ्याला गाठ मारली. त्यांच्या बोटांना ती गाठ आठवत होती. 'हे चुकलं, परत दे,' असं म्हणणं चष्मेवाल्यांना जमलं नाही. त्यांना वाटलं असेल, आज राहू दे, उद्या सांगू."

आणि आता मला ते सांगायचं होतं जे मी सकाळपासून गिळत होतो.

"अकरा तारखेला ते माझ्यापाशी आले होते. मी डबे भरत होतो. मला म्हणाले, कंपाउंडर, एखादी गोळी चुकली तर काय होतं? मी मान वरसुद्धा केली नाही. म्हणालो, एखादीने काही होत नाही."

कागद

सिस्टरला आत बोलावलं. तिला सगळं सांगितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाली, "मी त्यांना म्हणायचे, सांभाळा. मीच म्हणायचे."

तिचं पाणी पिऊन झाल्यावर मी लिहायला बसलो.

"काका, लिहू नका," मुलगी म्हणाली. आवाज आता वेगळाच होता. "मी तक्रार करत नाही. मागे घेते. पण आईचं नाव कागदावर नको."

"तक्रार नसली तरी मला खुलासा लागेल," मॅडम म्हणाल्या. "पंधरा गोळ्या सगळ्या मजल्याने बघितल्यात. कागदावर आजींचं नाव नसेल तर सिस्टरचं असेल."

"आणि असलं तर?"

"तर आजी उद्यापासून वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावर दाराला बाहेरून कडी असते. तिथे भिंतीला खिळे नाहीत. पेपरमिंट नाही, दोरा नाही, खिशाचे कपडे नाहीत. ज्यांच्या हातून काही होऊ शकतं त्यांना तिथे ठेवतात.

"मी घरी नेईन," मुलगी म्हणाली, आणि लगेच तिला स्वतःचंच दोन खोल्यांचं घर, नऊ ते सातची नोकरी आणि दाराचं कुलूप आठवलं असावं.

मी सिस्टरकडे बघितलं. तिने 'नका लिहू' म्हणावं अशी माझी अपेक्षा होती का? असेल. माणूस फार सोयीने अपेक्षा करतो.

"लिहा, कंपाउंडरकाका," ती म्हणाली. खाली बघत म्हणाली, पण स्पष्ट म्हणाली. "मला दोन मुली आहेत."

मी सगळं लिहिलं. पांढरी, पिवळी, लेप, कागद, दोरा, चिठ्ठी. शेवटी अकरा तारखेचं माझं वाक्य लिहिलं आणि खाली सही केली.

मॅडमनी वाचलं. एका ठिकाणी थांबून पेनाने एक आडवी रेघ मारली.

"हे तुमचं काढते. याचा संबंध नाही."

"तोच तर संबंध आहे."

"बोलता बोलता म्हटलेलं कशाला घालायचं? उगाच फाटे फुटतात." त्यांनी दुसरं पान काढलं. "सिस्टर, तुमच्यावरचा मोठा आरोप गेला. पण गोळी स्वतः तोंडात घातली नाही, हा नियमभंग राहतोच. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका."

"म्हणजे लिहूनही..." मी म्हणालो.

"लिहून निदान पोलीस टळले."

जाताना मुलीने दारातून मला विचारलं, "गोळ्या घेतल्या असत्या तर बाबा राहिले असते का?"

औषधाच्या धंद्यात चाळीस वर्षं लोक मला हेच विचारत आले. मी तेच उत्तर दिलं जे खरं आहे आणि कुणाच्या उपयोगाचं नाही.

"राहिले असते. नसतेही."

पंचवीस

एक वाजत आला होता. मी वहिनींच्या खोलीत गेलो. त्यांचे कपडे वर न्यायला पेटी आणून ठेवली होती. खिळा मोकळा. खुर्ची मोकळी. जेवणाचं ताट तसंच, चमच्यालाही हात लावलेला नाही.

"जेवला नाहीत, वहिनी?"

"कशी जेवू, भावजी? हात मोकळा कुठाय?"

उजवी मूठ मांडीवर होती. घट्ट. सकाळपासून ती तशीच होती. मोजा काढताना, पंधरा गोळ्या मांडताना, आम्ही सगळे त्यांच्याभोवती ओरडत असताना. मी पलंगाखाली शोधलं होतं, चपलांत शोधलं होतं.

त्यांनी बोटं एकेक करून उघडली. आजची गोळी. घामाने लेप सुटून गेला होता आणि तळव्यावर पांढरा डाग पडला होता.

"ही गुंडाळली नाही," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. "आज पंचवीस ना. आज लपवायचं नसतं. ही त्यांची त्यांना द्यायची आणि मग मोज्यातल्या सगळ्या. बघा कसे खडखडीत होतात." त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग दाराकडे. "कुठं गेले कुणास ठाऊक. तोंड धुवायला गेले असतील. तुम्ही जरा ग्लास भरून ठेवता?"

मी ग्लास भरला. दुसरं काय करणार होतो?

"आठ वाजले का हो, भावजी?"

"नाही," मी म्हणालो. "अजून नाही वाजले."

त्यांनी मूठ पुन्हा मिटली.